सात लाख वीस हजार सातशे वीस

रात्रीचे पावणेतीन, द्रोणागिरीचं यार्ड.
चौथी रांग, खालून दुसरा डबा, निळा, कडेला गंज.
टॉर्च मारून मी नंबर उतरवून घेते:
सात दोन शून्य, सात दोन शून्य.
शेजारी चौकटीत एकटा सातवा आकडा, राखणदार.
आधीच्या साऱ्यांना दुपटीच्या मापाने गुणून
बेरीज अकराने भागली की जे उरतं, ते त्याचं नाव.
माझ्या हातून चाराचा नऊ झाला
तर तोच पहिला खाकरतो.

पण आज नजर त्या सहांवरच अडते.
ट्रेलर यायला वेळ आहे. टॅलीशीटच्या पाठीवर पेन चालतं.
सातशे वीस गुणिले एक हजार एक.
म्हणजे लग्नातलं पाकीट, वर रुपया चिकटवलेलं,
आत सात, अकरा, तेरा मांडीला मांडी लावून बसलेले.
दोनाने भाग जातो. तिनाने, चाराने, पाचाने, सहाने.
साताने: एक लाख दोन हजार नऊशे साठ.
बाराने: साठ हजार साठ.
सात आणि बारा, दोघांकडेही बाकी न ठेवणारा आकडा
आमच्या तलाठ्याने जन्मात पाहिला नसेल.

तेरा, चौदा, पंधरा.
सोळालाही पुरतो: पंचेचाळीस हजार पंचेचाळीस.
एकपासून सोळापर्यंत सगळ्यांना भाग जाणारी
याहून लहान संख्या नाही.

सोळा.
आजोबांच्या वारसांची यादी सोळा नावांची.
हे यार्ड आहे तिथे त्यांची भातखाचरं होती, पलीकडे मिठागर.
माझ्या बुटाखालचं डांबर नेमकं कोणाच्या वाट्याचं, विचारू नका.
मग साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला, म्हणजे आठवा हिस्सा,
मग बिल्डर, मग सोळा चेक, एकाच रकमेचे.
भागाकार सुबक झाला.
जेवणावळीत पुंडलिककाका म्हणाले,
'पैशापायी घरतांच्यात भांडण नाही.'

सतरा मी मुद्दाम मागे ठेवला होता.
बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव, आणि पाच उरतात.
पुन्हा केलं. पाचच.
वाटलं, असेल, कुठेतरी थांबायचंच होतं.
पण अठरा घेतला तर अठराला परत भाग जातो,
चाळीस हजार चाळीस, विनातक्रार.
अठरावा म्हणजे सुहासचा मुलगा,
चेक वटल्यावर जन्मलेला. त्याच्या नावाने मुदत ठेव आहे.

मधे फक्त सतरा.
ठमाआत्या. हक्कसोडीच्या कागदावर अंगठा, शाई जरा फाकलेली.
'मना नको, भावांना होवंदे.'

शाळेत अशांना मूळ संख्या म्हणायचे.
मूळ गाव म्हणतात तसं, किंवा मूळ मालक.
एक आणि स्वतः, याशिवाय त्यांना कोणी वाटून घेत नाही,
आणि दुसऱ्यांच्या वाटणीत त्या आपसूक येतही नाहीत.
दोन तिनाच्या हाताला धरून सहा आत शिरतो;
सतराला नाव घेऊन बोलवावं लागतं.

बोलावलं तर काय होतं, तेही करून पाहिलं:
एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस.
सगळं सतरापट.
आठ आकडे. डब्याच्या दारावर जागा सहाची.
रंगारी म्हणाला असता, बाई, मावत नाही.

साडेतीनला ट्रेलर आला. क्रेनने डबा उचलला
तेव्हा आतून काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला,
कागदावर तर तो रिकामा होता.
मी सही केली.

पहाटे आत्याचा फोन, करंजाच्या धक्क्यावरून,
मागे बर्फ फोडल्याचा आवाज.
'बाकी काय गो?'
'पाच,' मी म्हणते.
'अगो, माझे घड्यालान सवापाच झालं.'